नववीचं दुसरं वर्ष

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडच्या पेपरातला मथळा ठरलेला असतो: कोकण विभाग राज्यात पहिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं हे विभागीय मंडळ. २०२३ साली राज्याचा निकाल ९३.८३ टक्के लागला, कोकणाचा ९८.११. २०२५ साली राज्याचा ९४.१०, कोकणाचा ९८.८२. या आकड्यांचा मला मनापासून अभिमान आहे. पावसात सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरून, भिजत शाळेत येणारी मुलं, आपल्या विषयाबरोबर दुसराही विषय सांभाळणारे शिक्षक आणि मुंबईत गिरणीत, गोदीत राबून गावी हायस्कूल उभं करणारी मंडळं, अशा सगळ्यांनी मिळून ते कमावलेले आहेत. इथल्या कितीतरी हायस्कुलांच्या पाटीवर संस्थेच्या नावापुढे अजूनही ‘मुंबई’ लिहिलेलं दिसतं.

पण जिथे जवळजवळ सगळेच पास होतात तिथे नापास होणं फार एकट्याचं होतं. आणि त्याहून एकटं असतं नववीत नापास होणं. नववीचा निकाल पेपरात येत नाही, त्याची टक्केवारी कुणी काढत नाही. १ मेला झेंडावंदन होतं, मुलांच्या हातात प्रगतिपुस्तकं पडतात, आणि एखाद्या पालकाला मुख्याध्यापक थांबवून घेतात. शाळेच्या दारावर ‘शंभर टक्के निकाल’ असा फलक लावायचा असेल तर कच्चं मूल दहावीच्या बाकावर बसूच न देणं हा सर्वांत सोपा रस्ता. सगळ्या शाळा तसं करतात असं मी म्हणत नाही. मुलाच्या काळजीने त्याला थांबवणारे मुख्याध्यापकही मी पाहिले आहेत. तरी ‘याला अजून एक वर्ष नववीत ठेवा’ हे वाक्य कानावर पडलं की पालकाने आधी हे पाहायला हवं, की हे वर्ष मुलासाठी मागितलं जातंय की फलकासाठी.

२०२३ च्या मे महिन्यात माझ्या भाच्यावर ही वेळ आली. भाऊ देवगड तालुक्यात, आमच्या मूळ घरी असतो. मी नोकरीनिमित्त ओरोसला. भावाचा फोन आला तेव्हा हापूसचा मोसम उतरणीला लागला होता, घरात पेट्या भरणं चालू होतं, आणि मागून वहिनीचा आवाज येत होता, “शाळेत घालूचो काय बागेत घालूचो, ता एकदा ठरवा.” गणितात शंभरपैकी एकोणीस, इंग्रजीत सव्वीस. बाकी विषय काठावर. मुख्याध्यापकांनी तीन वाटा सांगितल्या होत्या. जूनमध्ये शाळा फेरपरीक्षा घेईल, ती दे. नाहीतर नववीतच पुन्हा बस. नाहीतर दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बस.

भावाने तिन्हीमधली एक वाट फोनवरच बंद करून टाकली. “आका, तुका सांगतंय, काय वाट्टेल ता होऊ दे, झिलाक मी परत त्याच वर्गात बसवचंय नाय.”

तो एवढा ठामपणे का बोलतोय हे मला लगेच कळलं. १९९० साली मी नववीत नापास झाले होते. आणि भाऊ माझ्याहून एका इयत्तेने मागे. त्यामुळे त्या जूनमध्ये शाळा भरली तेव्हा आम्ही दोघं एकाच वर्गात होतो.

तेव्हा नापास होणं आजच्याइतकं दुर्मीळ नव्हतं. पाचवीपासून प्रत्येक इयत्तेत दोन-चार मुलं मागे राहायची, कुणी ‘वर चढवलेलं’ असायचं, कुणाला ढकलपास म्हणायचे. मुलगा असेल तर परत बसायचा. मुलगी नापास झाली की बहुतेक घरांत प्रश्नच संपायचा. माझ्याबरोबर नापास झालेल्या दोन मैत्रिणी पुन्हा शाळेत दिसल्या नाहीत. एक आंबोळ्या घालायला, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिली. दुसरीचं दीड वर्षात लग्न झालं. आमच्या वाडीतही लोक बाबांना म्हणाले, चेडवाक कित्याक परत बसवतास? बाबांची आंब्याची कलमं होती, त्यांचं बोलणंही तिथूनच यायचं. ते म्हणाले, “कलम एक वरस आड धरता. म्हणान कोण तोडून टाकता काय?” एवढंच. पुढे चर्चा नाही. नातेवाइकांना मात्र घरून सांगितलं गेलं की पोरीला कावीळ झाली होती, म्हणून वर्ष गेलं. कावीळ झाली होती हे खरं, पण ती दिवाळीत, पंधरा दिवस. माझं गणित त्याच्या बऱ्याच आधी गेलेलं होतं.

आणि तरीही ते वर्ष माझ्या आठवणीत चांगलं आहे. घाटावरून बदलून आलेले गणिताचे एक सर आमच्या गावात भाड्याने राहत होते. त्यांनी पहिल्या आठवड्यात मला पाटीवर काही उदाहरणं घातली, बघितली, आणि संध्याकाळी पडवीत यायला सांगितलं. दिवाळीपर्यंत त्यांनी मला नववीचं एक अक्षर शिकवलं नाही. अपूर्णांक, मग गुणोत्तर, मग ऋण संख्या, मग समीकरणाची दोन्ही अंगं. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य त्यांनी मला वापरूच दिलं नाही. का बदलतं ते सांग, म्हणायचे. दिवाळीनंतर नववीचं पुस्तक उघडलं तेव्हा ते पहिल्यांदा मला वाचता आलं. आज मी हिशेबाच्या टेबलावर बसते त्याची सुरुवात त्या पडवीत झाली.

भावाची आठवण वेगळी. मोसम संपत आल्यावर एका शनिवारी मी गावी गेले, रात्री दोघं लोट्यावर, म्हणजे ओटीवर, बसलो, तेव्हा तो ते सगळं बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “त्या वर्षी तू घरात एकदापण मोठ्यान हसलंस नाय,” तो म्हणाला. मला ते आठवत नाही. हिंदीचे एक शिक्षक वर्गात त्याला उत्तर आलं नाही की म्हणायचे, ताईला विचार, तिने हे गेल्या वर्षी केलंय. वर्ग हसायचा. मला वाटायचं हसतायत ते मला, आणि मी मान खाली घालून लिहीत राहायचे. त्याला ते आपल्याला हसतायत असं वाटायचं. मग तो म्हणाला, सहामाहीत एक येत असलेलं गणित त्याने सोडून दिलं होतं. माझ्याहून जास्त मार्क पडू नयेत म्हणून.

मी काहीच बोलू शकले नाही. एका मुलाला मागे ठेवताना आपण त्या एका मुलाचाच विचार करतो. त्याच वर्गात त्याचं धाकटं भावंड येणार असतं, पुढे गेलेली मित्रमंडळी त्याच एसटीत बसणार असतात. लहान गावात शाळा एक, बस एक, बाजार एक. शहरात मूल शाळा बदलून नव्या वर्गात नव्याने सुरुवात करू शकतं. इथे शाळा बदलायची तर खाडी ओलांडून जायचं, आणि तिथेही कुणाची तरी मावशी असतेच.

भावाचा नकार त्याच्या जागी खरा होता. माझा अनुभवही खरा होता. पण दोन्ही अनुभव १९९० चे होते, आणि प्रश्न ज्याचा होता तो मुलगा मागच्या दारी आंबे पुसून पेट्यांत लावत होता. त्याला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. शेतकऱ्याची, बागायतदाराची मुलं पुस्तकात कच्ची असली तरी व्यवहाराच्या हिशेबात पक्की असतात असं आपण फार सहज बोलतो. निदान माझ्या भाच्याच्या बाबतीत ते खोटं होतं. पाच डझनी किती पेट्या, सहा डझनी किती, कॅनिंगला गेलेला माल किती किलो, असे सगळे हिशेब तो मोबाईलवर करत होता. मी त्याला कागद दिला आणि अर्धा अधिक एक तृतीयांश किती विचारलं. त्याने वरचे आकडे मिळवले, खालचे आकडे मिळवले आणि दोन पंचमांश लिहिलं. मग मी सातशे छप्पन्नला सहाने भागायला सांगितलं. तो तिथेच अडकला. अडकल्यावर चिडला नाही, लाजलाही नाही, फक्त पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, “आते, माका आठवीतलासुद्धा येना नाय, मगे नववीत परत बसान काय येतला?”

एवढं नेमकं त्या घरात तोवर कुणी बोललं नव्हतं. मुख्याध्यापक नाहीत, भाऊ नाही, मी नाही.

तो कुठे अडखळला ते शोधायला फार मागे जावं लागलं नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो सहावीत होता. सातवी जवळजवळ संपूर्ण घरात गेली. घरात एक फोन, तोही भावाच्या खिशात, आणि रेंज हवी तर सड्यावर जायचं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. आमच्या किनाऱ्यावर होड्या फुटल्या, बागांतली मोठमोठी कलमं मुळासकट पडली, कितीतरी दिवस वीज नव्हती. त्या घरात तेव्हा मुलाच्या गणिताकडे कोण बघणार होतं? आठवीचं अर्धं वर्ष पुन्हा फोनवर. आणि या सगळ्या काळात तो दरवर्षी पुढच्या वर्गात गेला. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू झाला, त्यात आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं होतं. आठवीच्या प्रगतिपुस्तकात त्याची गणितातली श्रेणी क-१ होती, म्हणजे एक्कावन्न ते साठ टक्के. वर्षभरात तो एकोणीसवर कसा आला? तो आला नव्हता. तो तिथेच होता, फक्त नववीत पहिल्यांदा कुणीतरी ते कागदावर लिहिलं.

यावर लोक लगेच म्हणतात, बघा, नापास करणं बंद केलं म्हणून हे झालं. मला ते पटत नाही. त्या कायद्यात प्रत्येक मुलाला काय येतं ते तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवण्याचीही गोष्ट होती. मागे ठेवायचं नाही एवढं आपण पाळलं, कारण ते फुकट होतं. उरलेल्याला माणसं लागतात, वेळ लागतो. मुलांना वाचन-गणित किती येतं हे गावोगाव तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीचा २०२३ सालचा अहवाल चौदा ते अठरा वर्षांच्या ग्रामीण मुलांविषयी होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून अधिक मुलांना जमलं नाही. माझ्या भाच्याला जे येत नव्हतं नेमकं तेच. म्हणजे हा एका आळशी पोराचा प्रश्न नव्हता. आता २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. त्यात नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही नाही जमली तर त्याच वर्गात. त्यामुळे जो प्रश्न आमच्या घरात नववीच्या मुलाबद्दल आला, तो आता दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या घरी येणार आहे.

मी त्या दिवसांत मिळेल ते वाचत होते. अमेरिकेतल्या शिकागो शहराने १९९६ साली ठरवलं की तिसरी, सहावी आणि आठवीच्या मुलांना चाचणीत ठरावीक गुण असल्याशिवाय वर पाठवायचं नाही. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या मुलांचा पुढे माग काढला. सहावीत मागे राहिलेल्यांच्या शाळा पूर्ण करण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. आठवीत मागे राहिलेल्यांमध्ये मात्र शाळा सोडून देण्याचं प्रमाण वाढलं. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा लहान मुलांत बसायला सांगितलं, आणि बाहेर त्याला कामाला घ्यायला जग तयार असलं, तर तो किती दिवस बसेल? आमच्याकडे तर हे जग घराच्या पायरीशीच उभं असतं. बाग आहे. बंदरावर मासेमारीच्या ट्रॉलरवर माणसं कमीच पडतात. पावसाळ्यात ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, शाळा सुरू होतात जूनमध्ये. नापास झालेला मुलगा जून-जुलै कसेबसे वर्गात काढतो आणि नारळी पौर्णिमेनंतर होडीवर दिसतो. असे चेहरे मी ओळखते. पहिल्या महिन्यात हातात पैसे येतात, नवा फोन येतो, आणि मग परत कोण वर्गात जाणार?

होडीवर जाण्यात कमीपणा आहे असं मला म्हणायचं नाही. आमची निम्मी किनारपट्टी त्यावर उभी आहे. पण नापास झालो म्हणून होडीवर गेलेला आणि ठरवून होडीवर गेलेला, यांच्या चालण्यात फरक असतो. शिवाय दहावीचा कागद हातात नसला की पुढची बरीच दारं बंद होतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची पदविका घ्यायची तर दहावी लागते. आयटीआयचे बहुतेक ट्रेड दहावीवर आहेत, काही थोडे दहावी नापासांना चालतात. भाच्याला इंजिनाचं वेड होतं. होडीचं डिझेल इंजिन उघडलेलं असलं की तो जेवायचं विसरायचा. त्याला डिझेल मेकॅनिक व्हायचं तरी दहावीपर्यंत पोचणं भाग होतं.

मग सतरा नंबर का नको? भावाचा कल तिकडेच होता. मुलगा नापास झाला हे कुणाला कळणारही नाही, वर्ष वाचेल, थेट दहावी. ज्याला घरच्या अडचणीने शाळा सोडावी लागली, ज्याचं वय वाढलं, जी मुलगी लग्नानंतर पुन्हा शिकू पाहते, त्यांच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म हे मोठं दार आहे, आणि त्या दारातून गेलेल्या बायका मी ओळखते. पण ज्याला भागाकार येत नाही त्याला शाळेतून काढून, एकट्याला घरी बसवून, नऊ महिन्यांत दहावीचं गणित करायला सांगायचं? त्याने कुणाचं वर्ष वाचलं असतं? जूनमधल्या फेरपरीक्षेचंही तेच. महिन्याभरात ठरावीक दहा उदाहरणं पाठ करून तो पस्तीसपर्यंत पोचला असता, कदाचित. आणि मग दहावीत बुडाला असता, जिथून परत यायची वाट जास्त चढाची आहे.

इथे एक सांगते, कारण लोक दोन्ही गोष्टी एकत्र करतात. दहावीत विषय राहणं वेगळं. तिथे वर्ष घालवायची गरज सहसा पडत नाही. निकालानंतर लगेच जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळतो. तिथे ‘वर्ष गेलं’ म्हणून रडत बसलेल्या घरांना मी हेच सांगते, की आधी फॉर्म भरा. आणि लहान मुलांना, पाचवीतल्या मुलाला मागे ठेवायचं असेल, तर माझं मन त्याला होत नाही. त्या वयात मुलाला एक चांगली बाई आणि रोजचा एक तास मिळाला तर दोन महिन्यांत दरी भरते. त्याला एक वर्ष कशाला लागतं?

नववीच्या मुलाची दरी मात्र चार वर्षांची असते. तिला वर्ष लागतं. पण ते वर्ष नववीचं असून चालत नाही, हे भाचा बोलला ते अगदी खरं होतं. तेच पुस्तक, तेच शिक्षक, तोच फळा, आणि मागच्या बाकावर तोच मुलगा, एवढंच होणार असेल तर मी भावाच्या बाजूची. तसं वर्ष कुठल्याही मुलाकडून घेऊ नये. माझ्या नववीच्या दुसऱ्या वर्षाने मला काही दिलं नाही. मला दिलं ते पडवीतल्या सरांनी. ते नसते तर मीही त्या दोन मैत्रिणींसारखी घरी बसले असते, फक्त एक वर्ष उशिरा.

तर आधी माणूस शोधायचा, मग वर्ष ठरवायचं. आम्ही हायस्कूलच्या शिक्षकांना विचारत फिरलो, देवगडच्या क्लासची फी विचारली. क्लासवाले नववीपासून शिकवायला तयार होते, पाचवीपासून शिकवायला कुणी तयार नव्हतं. शेवटी वहिनीलाच सुचलं. शेजारच्या वाडीत मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात. चौथीपर्यंतच्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. नववीतल्या मुलाला प्राथमिकच्या बाईंकडे पाठवायचं हे भावाला आधी फार खटकलं. पण अपूर्णांक शिकवण्यात हयात घालवलेलं माणूस तेच होतं. बाईंनी भाच्याला बोलावलं, अर्धा तास त्याच्याशी बोलल्या, आणि आम्हाला सांगितलं, “गणपतीपर्यंत त्याच्या शाळेच्या परीक्षेचं मला विचारायचं नाही.” मला माझे सर आठवले.

मुख्याध्यापकांकडे भाऊ आणि मी मिळून गेलो. आम्ही दोन गोष्टी मागितल्या. एक, कुठल्या घटकात काय येत नाही ते विषय शिक्षकांनी लिहून द्यावं, नुसते गुण नकोत. दोन, वर्गात कुठल्याही शिक्षकाने ‘हा गेल्या वर्षीचा’ असा उल्लेख करू नये. दुसरी गोष्ट भावाने मागितली. आवाज थोडा चढला होता त्याचा. मुख्याध्यापकांनी दुसरी लगेच कबूल केली आणि पाळली. पहिली काही झाली नाही. इंग्रजीच्या मॅडमनी मात्र आपणहून एक पानभर लिहून पाठवलं, ते पान वहिनीने देवघराच्या फळीवर ठेवलं होतं.

हे सगळं जमवल्यावरही शेवटचं उत्तर मुलाचं हवं होतं. भावाला मी एवढंच सांगितलं होतं, की तो नाही म्हणाला तर मी त्याला पटवायला जाणार नाही. ज्या मुलाला जबरदस्तीने मागे बसवलं तो वर्षभर भिंतीकडे बघत बसतो. आम्ही त्याला समोर बसवलं. तिन्ही वाटा पुन्हा सांगितल्या, प्रत्येकीत काय मिळेल, काय जाईल, मित्र पुढे जातील, चुलतबहीण त्याच्या वर्गात येईल, काही लपवलं नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, बाई शनिवार-रविवारपण शिकवतील का. मग विचारलं, एसटीत मागे बसलं तर चालेल का, म्हणजे मित्र चढतात त्या दाराशी नको. मग म्हणाला, “बसतंय. पण गणपतीत मुंबयसून सगळे येतले. कोणी विचारल्यान तर मी सांगतलंय. तुम्ही मध्ये बोलू नकात.”

त्याचं पुढे काय झालं हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला टोचणी राहायला नको. २०२५ साली तो दहावी झाला. गणितात बावन्न. कोकण पहिला आला, त्या टक्केवारीत तोही आहे. पण तो पास झाला म्हणून आमचा निर्णय बरोबर ठरला असं मी मानत नाही. तो नापास झाला असता तरी बाई, ते पान आणि त्याने स्वतः दिलेला होकार खरेच राहिले असते. आणि त्या वर्षाने त्याच्याकडून काही घेतलंही. जुन्या मित्रांपैकी एकाशी तो अजून पूर्वीसारखा बोलत नाही. क्रिकेटच्या टीमचा कप्तान होता, ते त्याने आपणहून सोडलं. चुलतबहिणीने त्याला वर्गात कधी काही म्हटलं नाही, पण माझ्या भावाने जे माझ्यासाठी केलं तसं काही तिने केलं असेल का, हा विचार माझ्या मनात येतो. एकदा तिला विचारणार आहे.

२०२३ साली गणपती सप्टेंबरच्या उत्तरार्धात आले. घर भरलं. आरती झाली, पानं वाढली, आणि बोरिवलीच्या काकांनी पंगतीतच भाच्याला विचारलं, काय रे, यंदा दहावी ना? क्लास कुठला लावलास?

“नववीत आसंय,” तो म्हणाला. “नापास झालंय, म्हणान परत बसलंय.”

पंगत क्षणभर थांबली. भावाचं तोंड उघडलं. तो ‘त्या वर्षी जरा आजारी’ एवढं म्हणालासुद्धा. भाच्याने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “बाबा, मी आजारी नव्हतंय. माका गणित येय नव्हता.” मग काकांकडे वळून त्याने सांगायला सुरुवात केली की आता अपूर्णांक येतात, भागाकार येतो, समीकरणं चालू आहेत, इंग्रजीला अजून वेळ लागेल. काकांनी पुढचं काही विचारायच्या आत वहिनी उकडीचे मोदक घेऊन आली, आणि तो पुढच्या पानावर वाढायला उठला.